कुलूपवाल्या नकुशीबाई

नकुशी कोकरेला कुलपांचा नाद लागला तो वजनकाट्याजवळ बसून.

यवतला हायवेच्या कडेला तिच्या नवऱ्याचं, बिरदेवचं, भंगाराचं दुकान आहे. बिरदेवचा बाप आणि आजा मेंढरांमागं हिंडले. बिरदेवनं शेवटची तीस मेंढरं विकून एक जुना टेम्पो घेतला आणि एका जागी बूड टेकलं. सकाळी तो टेम्पो घेऊन गावोगाव जायचा, आणि नकुशीबाई दुकानात बसून आलेला माल निवडायची. लोखंड इकडं, पत्रा तिकडं, पितळ आतल्या पिंपात. त्या पितळेच्या पिंपात कुलपं यायची. किल्ल्या हरवलेली, कड्या तुटलेली, कुणी दगडानं ठेचून उघडलेली.

माहेरी असताना तिला दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखू यायची. परक्या माणसाला सगळी एकसारखी दिसत. हिला मात्र कुठली कुणाची लेक आणि कुठली पावसात आधी शिंकणार, हेही ठाऊक. तीच नजर आता कुलपांवर पडली. एकाची कडी गोल, एकाची चपटी. एकाच्या पाठीवर वेल कोरलेली, एकाच्या पोटावर कारागिरानं आपल्या नावाचं एकच अक्षर ठोकलेलं. ती अशी कुलपं पिंपातून काढून फळीवर मांडायला लागली.

"पितळंचा भाव पडायच्या आत वितळायला घाल की," बिरदेव कुरकुरायचा. "ह्यांची पूजा मांडणार हायस का?"

"मांडीन," ती म्हणायची. "तुमाला नैवेद्य मिळंल, काळजी करू नगा."

त्यांची लेक अंकिता रांजणगावच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात कामाला आहे. एका सुट्टीला ती घरी आली आणि फळीवरची साठ कुलपं बघून थक्क झाली. तिनं सहज फोनवर शोध घेतला, तर जुनी कुलपं जमवणाऱ्यांचा एक ग्रुपच सापडला. नाव 'कुलूप-किल्ली मंडळ'. नऊशे माणसं. तो सुरू केला होता शिरूरच्या शंकररावांनी. एका साखर कारखान्यात उभी हयात स्टोअरकीपर म्हणून काढलेला हा गृहस्थ. निवृत्त झाल्यावर घरातल्या दोन खोल्या त्यांनी कुलपांनी भरल्या होत्या. कुलपाचा नुसता फोटो पाहून ते त्याचं गाव सांगत. मंडळात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

अंकितानं आईला ग्रुपमध्ये घातलं. नकुशीबाईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचता येई, पण लिहायला वेळ लागे. म्हणून ती बोलूनच निरोप पाठवायला लागली. "राम राम मंडळी, यवतवरनं नकुशी बोलतीया," अशी तिची सुरुवात असायची, आणि मागं हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न.

पहिल्याच विक्रीला तिनं घोळ घातला. गिऱ्हाइकाला माल चांगला दिसावा म्हणून एक सुंदर काळपट कुलूप तिनं चिंच आणि राख लावून लखलखीत घासलं, अगदी समईसारखं. नाशिकच्या माणसानं ते घेतलं, आणि पार्सल उघडल्यावर त्याचा फोन आला. तो ओरडला नाही. कळवळून म्हणाला, "बाई, तुम्ही ह्या कुलपाचं वय धुऊन टाकलंत हो. शंभर वर्षांचा काळा रंग होता तो. आता परत कुठून आणू?"

तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिनं त्याचे पैसे परत पाठवले आणि कुलूपही ठेवून घ्या म्हणाली. त्यानंतर तिनं कुठल्याही कुलपाला चिंच लावली नाही. धूळ फडक्यानं पुसायची, बस.

दुसरा घोळ त्याहून मोठा. एकच कुलूप तिनं दोघांना देऊन टाकलं. एकानं ग्रुपवर 'घेतो' लिहिलं होतं, दुसऱ्यानं खासगीत फोन केला. तिला वाटलं, बोलणारा खरा, लिहिणारा काय, लिहितोच. भांडण पेटलं. त्या वेळी तिला बापाचं बोलणं आठवलं. मेंढरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवत. आणि एक कायदा कुणी लिहिलेला नव्हता, पण सगळा बाजार पाळायचा: दोन हात रुमालात असताना तिसऱ्यानं हात घालायचा नाही. मग तिसऱ्याकडं दुप्पट पैसे का असेनात.

"माझं चुकलं," तिनं सगळ्यांसमोर निरोप पाठवला. "रुमालात पयला हात ज्यानं घातला त्याचं कुलूप. दुसऱ्या भाऊंची मी माफी मागते. हितनं फुडं मी खासगीत सौदा करणार न्हाई."

असं चुकत-माकत तिची स्वतःची एक रीत तयार झाली. कुलूप विकायला काढताना ती आधी त्याचे दोष सांगायची, मग गुण. फोटो सहा काढायची: पुढून, मागून, दोन्ही कुशीतून, कडीचा आणि दोषाचा. दोषाचा सगळ्यात जवळून. कुणी भाव पाडून मागितला तर रागवायची नाही, "न्हाई परवडत, दादा" एवढंच म्हणायची. पण एकदा भाव ठरल्यावर पुन्हा घासाघीस करणाऱ्याला सरळ नाही सांगायची. दुसऱ्याच्या मालाखाली जाऊन 'माझ्याकडं ह्याच्याहून स्वस्त आहे' असं तिनं कधी म्हटलं नाही. पार्सल बांधताना कुलूप जुन्या लुगड्यात गुंडाळून भुशात बसवायची, आणि बांधतानाचं चित्रीकरण घेणाऱ्याला पाठवायची. माल पोचला का, असं तिसऱ्या दिवशी विचारायची. दोन वर्षांत मंडळातल्या लोकांना सवयच झाली, 'यवतच्या मावशींचा माल डोळे झाकून घ्यावा.'

आणि मग ते कुलूप आलं.

वडगाव रासाईला, भीमेच्या काठावर, तात्याबा नावाच्या ऐंशी वर्षांच्या शेतकऱ्यानं धान्याची जुनी कोठी पाडली होती. तिथलं लोखंड-पितळ बिरदेवनं किलोवर उचललं. त्यात दीड किलोचं एक पितळी कुलूप होतं. नकुशीबाईनं ते हातात घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की ह्याला किल्लीचं भोकच नाही. पुढून कोरी पितळ, मागून कोरी पितळ. वर चार रिबिटं, ठोकून बसवलेल्या खिळ्यांची गोल डोकी.

"चोरकळीचं हाय!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. चोरकळ म्हणजे लपवलेला खटका. तो सापडल्याशिवाय किल्ली लावायची जागाच दिसत नाही. अशी कुलपं तिनं फक्त शंकररावांच्या तोंडून ऐकली होती. 'मला सगळं मिळालं,' ते म्हणायचे, 'पण हाताने घडवलेलं चार रिबिटांचं चोरकळीचं कुलूप काही नशिबात नाही.'

ते विकायला काढायच्या आधी ती एसटीनं वडगाव रासाईला गेली. तात्याबा गोठ्यात म्हशीला कडबा टाकत होते.

"आप्पा, ह्ये कुलूप भंगार न्हाई," ती म्हणाली. "आमी किलोवर नेलं ते चुकलं. ह्याची किंमत वेगळी हाय. इकून जे येईल त्यातलं निम्मं तुमचं."

तात्याबांनी तिच्याकडं वर-खाली पाहिलं. "मी इकलं ते इकलं. तू न सांगतीस तर मला काय कळणार व्हतं?"

"म्हनूनच सांगाया आले."

म्हातारा हसला. मग त्यानं कुलूप मांडीवर घेतलं आणि न बघता, नुसत्या बोटांनी, वरच्या उजव्या रिबिटावर अंगठा दाबला. पुढची पट्टी बोटभर सरकली. खाली किल्लीचं भोक! "आता किल्ली आधी उलटी फिरवायची, मग दोन येळा सुलटी," ते कोनाड्यातली किल्ली काढून तिला देत म्हणाले. "माझ्या बाच्या येळंला चोरानं छिन्नी लावली व्हती. ह्ये बघ खूण. तवा ह्ये डाव्या अंगाचं रिबिट उडालं, ते न्हावऱ्याच्या लोहारानं नवं बसवलं. किल्लीबी त्याचीच. मूळची नदीत पडली."

हे सगळं नकुशीबाईनं जसंच्या तसं मंडळात सांगितलं. किल्ली मूळची नाही. एक रिबिट नंतर बसवलेलं. छिन्नीची खूण आहे. तळाशी केसाएवढी चीर, तीत शिसं भरलंय. भाव हा. चोरकळ कशी उघडते ते मात्र घेणाऱ्यालाच सांगणार.

चार मिनिटांत 'घेतो' आलं. लिहिणारा दौंडचा सम्राट होता. गॅरेजात वेल्डिंगचं काम करणारा, तिशीतला. किल्ल्या बनवायचा छंद, आणि पगार बेताचा. 'निम्मे आता पाठवतो, निम्मे दहा तारखेला. चालेल का?' त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. नकुशीबाई म्हणाली, "चालंल. कुलूप तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकररावांचा फोन आला.

"नकुशीबाई, ते कुलूप गेलं का?"

"व्हय आबा. दौंडच्या सम्राटभाऊला शब्द दिलाय."

"पैसे पूर्ण आले?"

"निम्मं आलंत."

"मग व्यवहार पुरा कुठं झाला? बघा, त्या पोराला त्याची किंमत कळणार नाही. मी तिप्पट देतो. त्याला सांगा, कुलपात दोष निघाला म्हणून."

नकुशीबाईची नजर दुकानाच्या गंजलेल्या छपराकडं गेली. तिप्पट म्हणजे दुकानावर नवे पत्रे. शिवाय मागणारा माणूस कोण, तर ज्याच्याकडून ती कुलपाचं पहिलं अक्षर शिकली तो.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "तुमी मागितलं आन् मी न्हाई म्हनाले, असं कवा झालं न्हाई. पर दोघांचे हात रुमालात हायती. तुमी मधी हात घालू नगा. आन् दोष निघाला म्हनून खोटं मला बोलता येणार न्हाई."

पलीकडून फोन बंद झाला.

त्याच दुपारी मंडळात शंकररावांचं एक वाक्य झळकलं: 'रिबिट नवं दिसतंय. आजकाल बाहेरून अशा हुबेहूब नकला येतात. घेणाऱ्यानं सांभाळून.'

एकच वाक्य, पण ते शंकररावांचं. गवताच्या गंजीला काडी लागावी तसं झालं. कुणी लिहिलं, 'मीही मावशींकडून दोन घेतली आहेत, तपासून घ्यावी लागतील.' कुणी ठरलेला सौदा मोडला. 'निम्मे पैसे आधी घेतात, तेव्हाच शंका आली होती,' असं एक जण म्हणाला, ज्यानं आजवर एकही कुलूप घेतलं नव्हतं. नकुशीबाई निरोपामागून निरोप वाचत राहिली. एकेक शब्द जुळवून वाचायचा, म्हणजे प्रत्येक टोमणा तिला दोनदा बोचायचा.

अंकिता रांजणगावहून संध्याकाळी आली ती तणतणतच. "आई, तुझ्या फोनात सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. तिप्पट देतो म्हणाले ते आहे त्यात. मी आत्ता टाकते ग्रुपवर. होऊ दे त्यांची शोभा."

"न्हाई टाकायचं."

"का म्हणून? ते तुला खोटी पाडतायत!"

"माजघरात बोललेलं चावडीवर न्यायचं न्हाई, अंकिते. ते माझ्याशी एकटीशी बोलले. त्यांनी रीत सोडली म्हनून मीबी सोडू व्हय? मग आमच्या दोघांत फरक काय ऱ्हायला?"

"अगं, पण लोकांना खरं कळणार कसं?"

"कुलूप खरं हाय न्हवं? मग कुलूपच बोलंल."

सम्राटचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडला होता. "मावशी, मला शंका न्हाई. पर गॅरेजात पोरं हसत्यात. म्हणत्यात, भंगार सोनं समजून घेतलं."

"भाऊ, तुमचं निम्मं पैसे आत्ता परत पाठवते," नकुशीबाई म्हणाली. "कुलूप मात्र तुमच्याच नावानं ठिवते. येत्या रविवारी शिरूरला मंडळाचा मेळावा हाय. तितं या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बघा. पटलं तर घ्या, न्हाई पटलं तर माझा रुसवा न्हाई." आणि फोन ठेवायच्या आत तिनं अंकिताकडून पैसे पाठवलेसुद्धा.

रविवारी बिरदेवनं टेम्पो धुतला. भंगाराचा टेम्पो धुतलेला यवतकरांनी प्रथमच पाहिला. अंकिता मागं हौद्यात बसली. चौफुल्यावरून वळून, पुढं वाकडी वाट करून त्यांनी तात्याबांना वडगाव रासाईहून उचललं. म्हातारा कडक धोतर आणि फेटा घालून, एक कापडी पिशवी छातीशी धरून वाटच बघत होता. न्हावऱ्याला चहा झाला. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत शिरूरला पोचायला अकरा वाजले.

मंगल कार्यालयात दोनशे माणसं. पांढऱ्या चादरींवर कुलपं मांडलेली: नाशिकची, सोलापूरची, कुठकुठची. नकुशीबाई आत शिरली तेव्हा जवळच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. शंकरराव समोर बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली.

ती थेट त्यांच्यासमोर गेली. "आबा, पाच मिनटं द्याल का?"

"बोला," ते हळू म्हणाले.

माईक तिनं आयुष्यात धरला नव्हता. कुणीतरी पुढं केला तो तिनं अंकिताच्या हातात दिला आणि मोकळ्या रानात मेंढरांना साद घालायची त्या आवाजात बोलायला लागली. माईकची गरजच पडली नाही.

"मंडळी, सम्राटभाऊ हितं आलंत. त्यांच्या नावानं ठिवलेलं ह्ये कुलूप. आधी दोष सांगते. किल्ली मूळची न्हाई. ह्ये डाव्या अंगाचं रिबिट नवं हाय, मी पयल्या दिवशीच सांगितलंय. हितं छिन्नीचा घाव. हितं चीर, शिशानं भरलेली. आता ज्याला नकली वाटतंय त्यानं म्होरं या आन् उघडून दावा."

तिघे-चौघे आले. कुलूप हातात घेऊन फिरवलं, ठोकलं, कानाशी लावलं. भोक काही सापडेना. सोलापूरचा एक जाणता माणूस सात मिनिटं झटला आणि कपाळाचा घाम पुसत बाजूला झाला. मग नकुशीबाईनं सम्राटला जवळ बोलावलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि कुलूप त्याच्या हातात दिलं. सम्राटचा वेल्डिंगनं पोळलेला अंगठा रिबिटावर दाबला गेला. पट्टी सरकली. किल्ली एकदा उलटी, दोनदा सुलटी. 'खट्' झालं आणि कडी वर उडाली. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढली.

"आता पट्टीच्या आतून बघा," नकुशीबाई म्हणाली. सोलापूरच्या माणसानं भिंग लावलं आणि तोच ओरडला, "कानसेच्या रेघा आहेत! हाताने घासलंय हे. आणि आतल्या पात्यांवर खाचा आहेत, एक, दोन, तीन. कारागिरानं कुठलं पातं कुठं बसवायचं त्याच्या खुणा. साच्यातल्या नकलेत ह्या कशाला येतील?"

"अजून एक हाय," तात्याबा म्हणाले. इतका वेळ ते भिंतीशी उभे होते. त्यांनी पिशवीतून कोठीच्या दाराचा, चौकटीतच राहून गेलेला लोखंडी कोयंडा काढला. पिढ्यान्‌पिढ्या कडी घासून त्याला एका बाजूनं खोल घळ पडली होती. त्यांनी कुलपाची कडी त्यात अडकवली. घळीत कडी अशी बसली, जसा पाट्यावर वरवंटा. कडीची झीज आणि कोयंड्याची झीज एकमेकींना चिकटली.

"माझ्या आज्यानं लावलं, बानं लावलं, मी लावलं," म्हातारा म्हणाला. "ह्या बाईला मी ते किलोवर इकलं व्हतं. ती एसटीनं माझ्या गोठ्यात आली, आन् निम्मा वाटा देते म्हनाली. आन् तुमी तिला चोर म्हंता?"

सम्राट पुढं आला. "मावशी, घेतो," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "ठरल्या भावात. ठरल्या तारखेला."

टाळ्या सुरू झाल्या, पण मधेच थांबल्या, कारण शंकरराव उठून उभे राहिले होते. त्यांनी माईक मागून घेतला.

"हे कुलूप खरं आहे," ते म्हणाले, "हे मला फोटो पाहूनच कळलं होतं."

कुणाला काही समजेना.

"कळलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना फोन करून तिप्पट भाव देतो असं म्हणालो नसतो. सम्राटला खोटं सांगा, असंही मी म्हणालो. त्या नाही म्हणाल्या. मला राग आला. आणि रागात मी ते वाक्य लिहिलं." ते नकुशीबाईकडं वळले. "आठवडाभर वाट बघत होतो. आज बाई माझं बोलणं ग्रुपवर टाकतील, उद्या टाकतील. फोनवरचं सगळं त्यांच्याकडे असणार, एवढं मलाही समजतं. त्यांनी टाकलं नाही. आज इथंसुद्धा माझं नाव घेतलं नाही. चाळीस वर्षं कारखान्याच्या किल्ल्या सांभाळल्या मी; एक खिळा इकडचा तिकडे केला नाही. आणि एका कुलपापायी स्वतःचंच मंडळ बाटवलं. नकुशीबाई, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. सम्राट, तुझीही."

सत्तरीचे शंकरराव हात जोडायला लागले तशी नकुशीबाई पुढं झाली आणि तिनं त्यांचे हात खाली घेतले. "असं करू नगा आबा. कुलपं वळखायला तुमीच शिकवलं. हाव कुणाला सुटत न्हाई? मलाबी दोन घटका पत्रे दिसलं व्हतं."

"पत्रे?"

"दुकानावरचं, नवं."

शंकरराव हसले, डोळे पुसता पुसता हसले. आणि मग ज्या टाळ्या झाल्या त्यांनी कार्यालयाची कबुतरं उडाली. ज्यांनी टोमणे मारले होते तेच आता पुढं येऊन वाकत होते. एकानं मोडलेला सौदा पुन्हा जोडायला मागितला, तेव्हा ती म्हणाली, "ते कुलूप दुसऱ्याला दिलं दादा. फुडच्या येळंला सांगते, पयलं तुमाला." एकही कुलूप न घेतलेला तो टोमणेवाला मात्र कुठं दिसला नाही.

शंकररावांनी मंडळाचा कारभार तिच्या हाती देतो असं जाहीर केलं. नकुशीबाईनं अट घातली: कुलूप ओळखायचं काम आबांचं, रीत सांभाळायचं काम तिचं. तिथल्या तिथं, दोनशे माणसांपुढं, तिनं रीत सांगितली. ती अंकितानं फोनमध्ये धरली, आणि आजही मंडळात नवा माणूस आला की त्याला तेच ऐकवतात:

"राम राम. आधी दोष सांगा, मग गुण. पयला घेतो म्हनंल त्याचं, मागनं राजा आला तरीबी. घेतो म्हनून पळू नगा. जमत न्हाई तर तसं बोला, कुणी खात न्हाई. भाव ठरला की ठरला. दुसऱ्याच्या मालात आपलं नाक नगं. शंका आली तर आधी त्या माणसाला इचारा, मग चार लोकांत बोला. चोरीचं आन् देवळातलं काई आणू नगा. आन् ज्याच्याकडनं घेताय त्याला ठावं नसंल की त्याच्याकडं काय हाय, तर त्याला सांगा. तेवढ्यानं कुणी भिकंला लागत न्हाई."

दुपारी जेवणं झाली. बिरदेव, जो आजवर ही कुलपं वितळवायला निघाला होता, तो आता बायकोच्या टेबलामागं उभा राहून लोकांना एकेक कुलूप दाखवत होता आणि मधेच खडसावत होता, "अहो, हळू! वय हाय त्याचं!" अंकिता हसून हसून बेजार झाली. चार वाजेपर्यंत नकुशीबाईनं आणलेली बावीस कुलपं गेली. तात्याबांना लोकांनी एवढ्या वेळा ती चोरकळीची गोष्ट सांगायला लावली की त्यांचा घसा बसला. कोयंडा मात्र त्यांनी सम्राटला दिला. "जोडी तुटू नये," एवढंच म्हणाले.

दहा तारखेला सकाळी नऊ वाजता सम्राटचे सगळे पैसे आले. नकुशीबाईनं निम्मे तात्याबांना पोचते केले आणि कुलूप लुगड्यात बांधून स्वतः दौंडला नेऊन दिलं. भुशाची आणि पार्सलची गरजच ठेवली नाही. गॅरेजातली पोरं त्या दिवशी हसली नाहीत. प्रत्येक जण अंगठा दाबून बघत होता.

पुढच्या पावसाळ्याच्या आत दुकानावर नवे पत्रे पडले. पाटीही जुनी झाली होती, म्हणून बिरदेवनं रंगारी बोलावला. रंगाऱ्यानं विचारलं, "बिरदेव कोकरे, भंगार खरेदी-विक्री, असंच लिहू ना पहिल्यासारखं?"

"ते खाली लिव्ह, बारक्या अक्षरात," बिरदेव म्हणाला. "वर तिचं नाव घे. नकुशीबाई कोकरे, जुनी कुलपं. हायवेवरनं ट्रकवाल्याला वाचता आलं पायजे, येवढं मोठं घे."

नकुशीबाई आत काट्याजवळ बसून हे ऐकत होती. तिनं पदर सावरला, बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून पहिलं अक्षर रंगेपर्यंत उन्हात उभी राहिली.